पाण्याची परीक्षा

शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या द्रौपदाबाई घरचं पाणी शुद्ध करायचं मशीन स्वतः निगुतीनं सांभाळत, फिल्टर वेळेवर बदलत. एके दिवशी टाय लावलेला एक विक्री अधिकारी आला. त्यानं त्या मशीनच्या पाण्यात लोखंडी सळया बुडवून वीज सोडली. पाणी चहासारखं तपकिरी झालं. त्यानं आणलेल्या बाटलीतलं पाणी मात्र नितळच राहिलं.

“हे विष पाजता नवऱ्याला? फेका ते मशीन, आमचं घ्या!” तो गरजला.

शेजारीच बसलेल्या आजारी यजमानांचा चेहरा उतरला. द्रौपदाबाईंनाही शंका आली. आपलंच काही चुकलं का? त्यांनी त्या सळया नीट निरखल्या. मग म्हणाल्या, “साहेब, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून हाच प्रयोग करा.”

तो टाळू लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच मीठ घालून बटण दाबलं. ते पाणी आणखीच काळपट झालं.

“पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड गंजून पाण्यात उतरतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता सांगा, बदलायचं काय? माझं मशीन, की तुमच्या सळया?”

अधिकाऱ्यानं सळया पुसून बॅग आवरली. यजमानांनी मशीनचंच तांब्याभर पाणी मागितलं आणि ते निवांतपणे प्यायलं.