कवठात गूळ किती

"किती दिवस टिकेल?"

"काय?"

"हे."

मी पोत्याची गाठ सोडली. कवठं मठाच्या ओसरीवर गडगडत गेली. एक रत्नाईंच्या पायाला लागून थांबलं.

रत्नाई नदीकाठच्या मठात एकट्या राहतात. आसपासच्या गावांत सांगतात की त्यांच्या हातचा मुरंबा वर्ष उलटलं तरी बिघडत नाही. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरून पळत आलो होतो. धाप लागली होती.

"आधी बस," त्या म्हणाल्या. "कवठांना पाय नाहीत. पळणार नाहीत."

"बसायला नाही आलो. यांचा मुरंबा करून द्या. जन्मभर टिकेल असा."

"कोणाच्या जन्मभर?"

मला राग आला.

"माझ्या."

त्यांनी पायाजवळचं कवठ उचललं. नाकाशी नेलं.

"पिकलीत. कोणी काढली?"

"दादाने. गोरखदादा. माझा मोठा भाऊ... गेला तो. काल तेरावं झालं."

मला वाटलं, आता म्हणतील, देवाची इच्छा. तेरा दिवस सगळे तेच म्हणत होते. त्या म्हणाल्या असत्या तर मी पोतं उचलून चालता झालो असतो.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

दोन्ही तळहातांवर फोड आले होते. एक फुटला होता.

"झाड तोडत होतो. हेच, कवठाचं. त्यावरूनच पडला तो."

"तुटलं?"

"कुऱ्हाडीचा दांडा तुटला."

त्यांच्या ओठांशी हसू आलं आणि गेलं.

"कवठाचं लाकूड आहे. तुझ्या रागाला ते काय भीक घालतंय?"

त्या आत गेल्या. मातीचं एक मडकं, एक फडकं आणि वाटीएवढा दगड घेऊन आल्या. दगड माझ्यापुढे ठेवला.

"फोड."

मी कवठ ओसरीच्या कडेवर धरलं. दगड वर नेला... हात तिथेच राहिला.

"फुटत नाही."

"तू मारलंच नाहीस."

"आख्खं नाही ठेवता येणार?"

"ठेव की. आठवड्याने अळ्या बघायला ये."

मी डोळे मिटले आणि मारला दगड. कवच तडकलं. आंबट वास एकदम नाकात शिरला. आतला गर तपकिरी होता, दोरेदोरे सुटलेले. रत्नाईंनी तो बोटांनी मडक्यात ओढून घेतला.

दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग हात सरावला. मी एकामागून एक फोडत गेलो, नको इतक्या जोरात. कवचाचे तुकडे अंगणात उडाले.

"अरे, कोणाला मारतोयस?" त्या म्हणाल्या. "कवठंच आहेत ती."

एक फुटलं आणि आतून काळं निघालं. काळं आणि भुसभुशीत. घाण वास आला.

"टाक ते."

"वरून तर धड आहे."

"टाक."

मी ते टाकलं नाही. दोन्ही करवंट्या हातात धरून बसलो.

"दादाही वरून धड होता," मी म्हणालो. "पडला आणि उठला. कपडे झटकले. मलाच हसला, म्हणाला, तोंड मिट, माशी जाईल. पोत्यात कवठं भरली, घरापर्यंत चालत आला. पाणी प्यायला. म्हणाला, पोटात जरा दुखतंय, पडतो थोडा. दिवे लागायच्या वेळेला आई उठवायला गेली..."

रत्नाईंनी दगड बाजूला सारला.

"डॉक्टर म्हणाले, आत रक्त साचलं. अंगावर ओरखडाही नव्हता हो. साधा ओरखडा नव्हता! मग कुठून गेला तो? सांगा ना. तुम्ही एवढा जप करता, तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

त्यांनी माझ्या हातातलं काळं कवठ घेतलं, अंगणाच्या कडेला नेलं, मातीत पुरलं. हात धुऊन परत आल्या. फडक्यातून गर गाळायला बसल्या. बिया आणि दोरे वर राहिले. खाली दाट रस पडत होता.

"एवढी कवठं," त्या म्हणाल्या. "कोणासाठी चढला होता?"

मी बिया वेचत राहिलो.

"कोणासाठी रे?"

"तिच्यासाठी."

"तिला नाव असेल."

"कौतिका. वहिनी." मी बिया फेकल्या. "दिवस गेलेत तिला. आंबट हवं होतं. चिंच नको, कैरी नको, कवठच हवं. सारखं कवठ, कवठ. आई म्हणते, हिच्या जिभेने माझा पोरगा खाल्ला."

"तू काय म्हणतोस?"

"आई खोटं बोलत नाही."

"दिलं का तिला एखादं?"

"तिला?" मी उठून उभा राहिलो. "आज सकाळी मागितलं तिने! तेरावं होऊन रात्र सरली नाही, मांडवाचे बांबू अजून अंगणात आहेत, आणि ही दारात येऊन म्हणते, त्यातलं एक द्या. आईने कपाळ बडवून घेतलं. मी म्हणालो, नवरा खाल्लास, अजून पोट भरलं नाही का? आणि पोतं उचलून इकडे आलो. तिच्या हाताला लागू नये म्हणून. कळलं? म्हणून टिकवायचंय."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"रडली?"

"नाही... हात पुढे केला होता, तो मागे घेतला."

रत्नाईंनी ओसरीच्या कोपऱ्यात पेटलेल्या चुलीत दोन काटक्या सारल्या आणि मडकं वर चढवलं. मला उलथनं दिलं.

"ढवळ. तळाला लागू देऊ नकोस."

मी ढवळत बसलो. धूर डोळ्यांत जात होता. त्यांनी गुळाची ढेप आणून माझ्या गुडघ्याजवळ ठेवली.

"किती घालू?" मी विचारलं.

"तू ठरव."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जेवढा गर तेवढा गूळ घातलास तर बरणीत भरून वर्षभर ठेव. काही होणार नाही. पण गोड होईल. आंबट लागणार नाही."

"आणि कमी घातला तर?"

"आंबट राहील. चार दिवसांत बुरशी येईल."

"म्हणजे टिकवायचं तर..."

"गर उकळतोय. लवकर कर."

मी सगळी ढेप दोन्ही हातांनी उचलली. मडक्यावर धरली. वाफ फोडांना लागत होती. त्यांनी मला अडवलं नाही. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, सुपात जिरं निवडत होत्या.

मला दादाचं त्या दिवशी सकाळचं बोलणं आठवलं. निघताना वहिनीला म्हणाला होता, आंबट निघालं नाही तर परत नेऊन झाडाला लावून येईन. वहिनी पदर तोंडाला लावून हसली होती. आई आतून ओरडली होती, हसा, हसा, कामधंदा नाही दुसरा...

मी ढेप खाली ठेवली. कडेचा एक तुकडा मोडला आणि टाकला.

"बस?" रत्नाईंनी विचारलं.

मी ढवळत राहिलो. गूळ विरघळला. बोटावर घेऊन चाखलं. दात आंबले, कानापर्यंत कळ गेली.

"बस."

त्यांनी वरून मीठ आणि कुटलेलं जिरं टाकलं. मडकं उतरवलं. आतून बरणी आणून ठेवली होती, ती उचलून परत आत नेली आणि एक खोलगट वाटी आणली. एवढ्या कवठांचा गर आटून त्या वाटीत मावला. थोडा मडक्याला राहिला होता, तो त्यांनी बोटाने पुसून वाटीतच घातला.

मी वाटीकडे बघत होतो. माझं डोकं पुन्हा तापलं.

"म्हणजे चार दिवसांनी दादाचं काहीच उरणार नाही."

रत्नाई मडकं विसळू लागल्या.

"तुम्हाला काय हो! तुमचं कोण गेलंय? इथे बसून गूळ किती आणि जिरं किती. मी टिकवायला आलो होतो. तुम्ही माझ्याच हाताने..."

रत्नाईंनी वाटीवर फडकं टाकलं. कडेने दोरी गुंडाळू लागल्या. म्हाताऱ्या बोटांना गाठ जमत नव्हती. मी बघत राहिलो. मग खाली बसलो आणि दोरीवर बोट धरलं. त्यांनी गाठ मारली.

वाटी माझ्या हातात आली. गरम होती.

उन्हं उतरत होती. घर लांब होतं. पायरीपर्यंत गेलो आणि थांबलो.

"तिने माझ्या तोंडावर फेकली तर?"

"फेकेल."

"आई घरात घेणार नाही."

"नाही घेणार."

"मग?"

त्या चुलीतली लाकडं मागे ओढत होत्या.

मला सकाळचा तो मागे गेलेला हात दिसत होता. त्यात काचेची बांगडी नव्हती. वहिनीचा हात बांगडीशिवाय एवढा बारीक आहे, हे मला माहीत नव्हतं.

"आणि घेतली तर?" मी विचारलं. "खाल्लं सगळं... आणि पुन्हा मागितलं तर?"

रत्नाईंनी राख सारली. निखारा विझला. मान वर करून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"जपून चढ."