झिपरूनानाचा दंड

बंधाऱ्याचे दगड अजून नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. खानदेशात एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, बोरपाडं आणि वाघखेडं. माती एक, नदी एक, बंधारा एक. दोन्हीकडे एकेक पाट आणि एकेक पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस.

बोरपाड्याचा पाटकरी झिपरूनाना. त्याचा नियम असा, की पाणी आधी पाटाच्या टोकाच्या वावराला, मग एकेक करत वर, आणि पाटकऱ्याचं वावर सगळ्यांत शेवटी. पाणी मिळायचं म्हणून टोकाचा माणूसही गाळ काढायला फावडं घेऊन यायचा. नानानं काठी आपटली की पाणी वळायचं, असं म्हणतात. झोपेतही त्याला पाट ऐकू यायचा, म्हणून तो जन्मात धड झोपला नाही, असंही म्हणतात.

मग पलीकडचा पाटकरी उखाजी वारला. थोड्याच हंगामांत वाघखेड्याचं पाणी वरच्या दांडग्यांच्या वावरात जिरू लागलं. खालच्यांनी गाळ काढणं सोडलं, पाट बुजला, घरांना कुलपं लागली. नाना अलीकडून बघायचा. उखाजी काही त्याच्याहून उणा नव्हता. आपण गेलो की आपल्या गावाचंही हेच होणार, एवढीच धास्ती त्याला पोखरत होती.

"आते दुसरा कोनी देखा," तो गावाला म्हणाला. "मी थकी गऊ."

गाव हसलं. "नाना, तुम्ही शेतस ना, मग कसानी काळजी?" नाना आहेत, एवढं गावाला पुरे होतं.

त्या वर्षी नानानं भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पाणी आधी स्वतःच्या वावरात घेतलं. गाव काय करतं ते त्याला बघायचं होतं. गावानं काहीच केलं नाही. नानांनीच घेतलं ना, घेऊ दे, म्हणत लोक खाली मान घालून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नानाचा ऊस डोक्याच्या वर गेला. तो त्यानं गुरांपुढे टाकला. थकलेला तो आधीच होता, पण त्या दोन वर्षांत फार म्हातारा झाला.

तिसऱ्या वर्षी टोकाच्या वावराची केवळबाई पाट चढून वर आली. विधवा बाई, कधी चारचौघांत तोंड न उघडलेली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "नाना, मना वावर कोरडं शे. पानी तुमना वावरमा शे. दंड व्हवालेच जोयजे."

तिचं बोलणं संपायच्या आत पाणी नानाच्या वावरातून मागं फिरलं, असं म्हणतात. पाणी चढाला जातं का कधी? पण म्हणतात. पंचांनी घाबरत घाबरत दंड सांगितला: साऱ्या पाटाचा गाळ नानानं एकट्यानं काढायचा. नाना ढसाढसा रडला, आनंदानं. त्यानं गाळ काढला, काठी केवळबाईच्या हाती दिली आणि बंधाऱ्यावर आडवा झाला. असा झोपला की पुन्हा उठलाच नाही.

वाघखेड्यात आता बाभळी आहेत. बोरपाड्यात दरसाल पाणी सोडायच्या दिवशी टोकाच्या वावराची बाई नानावर फिर्याद मांडते, पंच त्याला दोषी ठरवतात, आणि त्या सालचा पाटकरी नानाच्या वाटचा गाळ उपसतो. मगच पाणी सुटतं.

मध्यंतरी कुणी नानाचं देऊळ बांधायचं काढलं होतं. म्हाताऱ्या बायांनी साफ नाही म्हटलं. तो देव झाला, तर त्याला दंड कोण करणार?