चार बोटांचा उतार

ज्या काळी घराचे वासेही एकमेकांची विचारपूस करत, त्या काळी एका मातीच्या घराला पोफळीच्या खोडाची पन्हळ होती. घरधनी भिवा दर वैशाखात तिच्यातला पाला काढायचा, काथ्याची दोरी बदलायचा आणि तिचं एक टोक चार बोटं खाली बांधायचा.

"एवढी धडधाकट तू, मग अशी वाकडी का गं बसतेस?" साळुंकीने चिडवलं. पन्हळ शरमली. तिने वानराला गळ घातली आणि त्याने ते टोक वर ओढून बांधलं.

आषाढात पाणी पुढे सरेना. ते तुंबून मागच्या भिंतीवर सांडू लागलं. भिंतीवरून मातीचे ओघळ उतरताना पन्हळीला दिसले.

"ताई, सांगितलं का नाहीस?"

"तू पहिल्यांदाच एवढी खुशीत होतीस," भिंत म्हणाली.

पन्हळीने सगळा भार गाठीवर टाकला. वानराचीच गाठ ती, सैल झाली. टोक खाली घसरलं आणि पाणी अंगणात धावलं.

उघडीप झाल्यावर भिवाने भिंत लिंपली. तेवढ्यात साळुंकी आली.

"परत वाकडी?"

"हो. पण हळू बोल," पन्हळ म्हणाली. "ताईचा आत्ता कुठे डोळा लागलाय."