टिटवीचं लोळणं

फार मागं, तळी नुसती पाखरांचीच होती तेव्हा, काठावर एक टिटवी पिल्लाला घेऊन राहायची. कोल्हा आला की ती पंख मोडल्यासारखी धुळीत लोळायची, कर्कश ओरडायची आणि त्याला आपल्यामागं लांब न्यायची.

एकदा कोल्हा आला आणि ती अशीच लोळू लागली. "तुझी आई येडी झाली काय रे?" पाण्यातून बदकाची पोरं पिल्लाला हसली.

पिल्लू शरमलं. दगडाआडून ओरडलं, "आई, पुरे! सगळे बघतायत!"

टिटवीमागं निघालेला कोल्हा थबकला. वळून दगडापाशी आला. त्याचा श्वास पिल्लाच्या मानेला लागला, तोच टिटवी त्याच्या तोंडापुढंच येऊन पडली, तडफडू लागली. कोल्ह्यानं झेप टाकली. ती निसटली, पुढं जाऊन पुन्हा लोळली. कोल्हा तिच्यामागं धावला.

दगडाशी अंग चोरून पिल्लू मनात म्हणत होतं, "ओरड आई, अजून मोठ्यानं ओरड."