डाव्या हाताचा तांब्या

खूप जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, राजाचं तर त्याहून नाही. पण तिथली माणसं आपल्यासारखीच होती, कौतुकाला भुकेलेली आणि उशिरा शहाणी होणारी, म्हणून गोष्ट अजून टिकून आहे.

त्या राज्याच्या राजधानीत एक पटवेकरी राहत होता. दागिन्यांचे मणी रेशमात ओवायचे आणि गाठवायचे, हा त्याचा धंदा. सगळा जन्म सुईच्या नेढ्याकडे बघण्यात गेला, आणि म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. आधी मणी दिसेनासे झाले, मग दोरा, मग सुईसुद्धा. वैद्यबुवांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, "थंडी सरेपर्यंत थोडंफार दिसेल. पुढचं माझ्या हातात नाही."

त्याची बायको आदल्या वर्षीच वारली होती. घरात एकुलती एक मुलगी, गोदा. ती राजाच्या चित्रशाळेत रंग खलायला जायची. जवसाच्या तेलात रंग खलता खलता तिला वाटू लागलं, आपणही एखादं चित्र काढून बघावं. चित्रशाळेचे गुरुजी मनाने मोठे होते. त्यांनी तिला ताणलेलं कापड, उरलेले रंग आणि दोन झिजलेले कुंचले दिले.

वैद्यबुवा येऊन गेले त्या संध्याकाळी तिचे वडील, आबा, तिला म्हणाले, "गोदे, एक मागू का? डोळे जायच्या आधी तुझ्या आईनं वाढलेलं ताट एकदा बघायचंय. शिकतेयस ना चित्र? मग तेवढं काढ."

आता हे ताट म्हणजे काही पंचपक्वान्नांचं नव्हे. आबा पेठेतून दमून घरी यायचे, तेव्हा पडवीत पाट मांडलेला असायचा. ताटात दुमडलेली भाकरी, तिच्यावर ठेच्याचा गोळा, शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा. आबा डावखुरे, म्हणून पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला. त्या तांब्याचं बूड झिजलेलं होतं, त्यामुळे तो ताटाकडे जरासा कलून बसायचा. एवढं मांडून आई आमटी आणायला आत जायची. आबांना नेमका तेवढाच वेळ हवा होता. ताट समोर आहे, ती आत गेली आहे, आणि आता येईल.

गोदाने पडवीत सगळं तसंच मांडलं आणि चित्र काढलं. पहिलंच चित्र, ते जसं व्हायचं तसं झालं. तांब्याचं तोंड वाकडं, सावल्या काजळासारख्या काळ्या, कांदा धोंड्यासारखा. तिने ते बिचकतच आबांना दाखवलं.

आबांनी चित्र उन्हात धरलं, अगदी नाकाजवळ नेलं. मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले.

"आमटी आणायला गेलीय वाटतं," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "इथं लाव गं भिंतीवर, माझ्यासमोर."

"लावते की. पण अजून कच्चं आहे, आबा. एकदा शाळेत दाखवून आणते."

"मला तर पक्कं दिसतंय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," गोदा हसून म्हणाली. आबाही हसले. मुलगी शिकतेय, तिचंच बरोबर असेल, असं त्यांना वाटलं. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण गोदाला चित्र सुधारायचं होतं.

चित्रशाळेची एक रीत होती. नवशिक्याने आपलं चित्र अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवायचं. येणाऱ्याजाणाऱ्या जाणत्यांनी त्यातले दोष सांगायचे. नवशिक्याने उलट उत्तर द्यायचं नाही, निमूट ऐकायचं आणि दुरुस्त करायचं. रीत चांगलीच होती. त्या भिंतीने कितीतरी चित्रकार घडवले होते.

पहिले आले ते गुरुजी. चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "तांब्या डावीकडे, कांदाही डावीकडे. सगळं वजन एका अंगाला गेलंय, चित्र कलंडतंय. तांब्या उजवीकडे घे, जरा मागे."

आबा डावखुरे आहेत, हे गोदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रीत आठवली आणि तिने शब्द गिळला.

जाता जाता गुरुजी थांबले. "हे कुणासाठी काढतेस गं?"

आता तर विचारलं होतं, आता बोलायला काहीच हरकत नव्हती. पण भोवती दरबारी चित्रकार उभे होते. कुणाच्या चित्रात राणीचा रत्नजडित करंडा, कुणाच्या चित्रात परदेशी फुलदाणी. आमच्या आबांच्या जेवणाचं ताट आहे, असं सांगायची तिला लाज वाटली.

"शिकण्यासाठी काढतेय, गुरुजी," ती म्हणाली.

"मग ठीक," म्हणून गुरुजी पुढे गेले.

तिने तांब्या उजवीकडे घेतला. तेलाचा रंग तो, वाळायला दिवस घेतो. तो वाळेपर्यंत एक थोरला शिष्य येऊन सांगून गेला की सावली कधी नुसती काळी नसते, ज्या वस्तूची सावली तिचा रंग थोडा तीत उतरतो. शिवाय कललेला तांब्या हा हाताचा दोष वाटतो, तो सरळ कर. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गोदाने सावलीत तांबूस छटा मिसळल्या, तांब्या ताठ उभा केला, त्याचं तोंड गोल केलं. तांब्या असा काही झळकला की जाणारे लोक थबकू लागले.

"हात बसतोय हिचा," कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी घरी जाताना गोदाचे पाय जमिनीवर नव्हते.

इकडे आबांनी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. ठोकताना अंदाज चुकला आणि अंगठा ठेचला, तरी ठोकला. रोज संध्याकाळी ते विचारत, "झालं का गं?"

"होतच आलंय, आबा. तेल वाळायला वेळ लागतो."

हेही खरंच होतं. खरं बोलून फसवता येतं, हे गोदाला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग एक दिवस राजाचा चित्रपारखी आला. चित्राभोवती फिरला, डोळे बारीक करून पाहिलं. "उत्तम. पण हा फुटका कांदा कशाला? डाळिंब ठेव, त्या लाल रंगाने चित्र उठून दिसेल. आणि भाकरी फार ओबडधोबड आहे. तिथे पांढऱ्या वस्त्राची घडी दाखव, सुरकुत्यांवर उजेड छान पडेल. तेवढं केलंस तर महाराजांच्या कानावर घालतो."

गोदाने रंगाच्या पात्याने कांदा खरवडून काढला. डोळ्यांत पाणी काही आलं नाही. त्या जागी डाळिंब आलं, भाकरीवर वस्त्र चढलं. खोटं कशाला बोला, चित्र फार सुंदर झालं. सल्ले देणाऱ्यांत एकही मूर्ख नव्हता, आणि कुणाच्या मनात वाईट नव्हतं. महाराजांनी ते आपल्या दिवाणखान्यासाठी निवडलं. शहरभर बोलबाला झाला.

चित्र राजवाड्यात पोचवण्याआधी गोदा ते एका दिवसासाठी घरी घेऊन आली. थंडी सरत आली होती. आबांनी ते उन्हात धरलं, नाकाजवळ नेलं, डोळा अगदी कापडाला टेकवला.

"झकास झालंय," ते म्हणाले. "कुणाच्या घरचं गं हे?"

गोदा जवळ सरकली. "आबा, आपलंच आहे. आईनं वाढलेलं ताट."

आबा पुन्हा शोधू लागले. दिसत नसलं की माणूस आपल्याच डोळ्यांना दोष देतो, तसे ते डोळे चोळत शोधत राहिले. "तांब्या कुठंय?"

"हा काय, उजवीकडे."

"उजवीकडे?" आबांनी चित्र डोळ्यांपासून दूर केलं. "मग हे माझ्यासाठी नाही वाढलेलं, बाळ. एखाद्या मोठ्या घरचं असेल. छान आहे, पण आतून कुणी येणार आहे असं वाटत नाही इथं." मग मुलीला वाईट वाटेल म्हणून घाईघाईने म्हणाले, "माझे डोळे गेले गं, मला नाही कळत."

गोदा तशीच चित्र काखेत मारून शाळेकडे धावली. "गुरुजी, मला आधीचं चित्र परत हवंय."

"जेवढं उरलंय तेवढं या रंगांखाली आहेच," गुरुजी म्हणाले. "पण वरचं खरवडशील तर दोन्ही जातील. का, झालं काय?"

मग तिने सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "अगं, मी विचारलं होतं, कुणासाठी काढतेस म्हणून. तू म्हणालीस शिकण्यासाठी. शिकणाऱ्याला जे सांगायचं ते मी सांगितलं. वडिलांसाठी आहे म्हणाली असतीस, तर बोटसुद्धा न लावता घरी पाठवलं असतं."

त्यांनी तिला नवं कापड दिलं. गोदाने पडवीत पुन्हा पाट मांडला, कांदा फोडला, तांब्या डावीकडे ठेवला. पण हात आता शिकला होता, आणि शिकलेला हात अडाणी व्हायला तयार होईना. तांब्या कलता काढला की तो मुद्दाम कलवल्यासारखा दिसे. सरळ काढला की आईचा वाटत नसे. ती पुसत राहिली आणि पुन्हा काढत राहिली. तिकडे उन्हं कडक होऊ लागली.

अखेर एकदाचं जमल्यासारखं वाटलं, तेव्हा ती चित्र घेऊन आबांसमोर उभी राहिली. आबांनी मान वर केली आणि ते तिच्या खांद्यापलीकडे पाहत राहिले.

"आणलंस ना? तेलाचा वास येतोय," ते म्हणाले. "लाव. छान असेल."

पुढे गोदा मोठी चित्रकार झाली. अंगणातल्या भिंतीपाशी उभं राहून ती आता दुसऱ्यांचे दोष सांगे. कुठल्याही नवशिक्याला आधी विचारी, कुणासाठी काढतोस, आणि उत्तर मिळाल्याशिवाय चित्राकडे बघत नसे. लोकांना तो तिचा विक्षिप्तपणा वाटे.

आबांना मुलीचा फार अभिमान. पेठेतून नवखं कुणी आलं की विचारायचं, "आबा, तुमच्या गोदेचं चित्र म्हणे राजवाड्यात लागलंय. काय आहे हो त्यात?" आत बसलेल्या गोदाला प्रत्येक वेळी ते ऐकू येई, आणि प्रत्येक वेळी आबांचं उत्तर तेच असे.

"एक तांब्या आहे, म्हणतात."

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम हाती घेतलं त्याचंच म्हणणं बाजूला सारलं, तर जगाचा प्रत्येक सल्ला खरा ठरतो आणि केलेलं काम मात्र वाया जातं.