खांबाभोवतीचे आळे

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यांसह डोंगरमाथ्यावरच्या आश्रमात राहत होते. आश्रमाचे अंगण पश्चिमेला संपे, तिथूनच कडा सुरू होई. कडा इतका सरळ होता की दरीत फिरणाऱ्या घारींच्या पाठी वरून दिसत. काठावर लाकडी कुंपण होते. ते ज्येष्ठ शिष्याने एकट्याने घातले होते. पायथ्याच्या गावातल्या एका वखारवाल्या व्यापाऱ्याने ऐनाचे लाकूड दिले. ते तासणे, खड्डे खणणे, खांब ओळंब्यात धरून काँक्रीटमध्ये उभे करणे, हे सारे शिष्याने केले. प्रत्येक खांबाच्या पायाशी त्याने काँक्रीटचे गोल, उंच काठाचे आळे केले, अगदी तुळशीला करतात तसे. येणारा-जाणारा कुंपणापेक्षा त्या आळ्यांचेच कौतुक करी.

कार्तिक लागला होता. येत्या पौर्णिमेला आपल्यामागे आश्रम कोण सांभाळणार हे आचार्य सांगणार होते. सगळ्यांना नाव ठाऊक होते. ते आपलेच आहे हे ज्येष्ठ शिष्यालाही ठाऊक होते, आणि त्या नावाची त्याला अलीकडे झोपेतही धास्ती वाटे.

त्या सकाळी व्यापारी वर आला होता. ओसरीवर आचार्यांशी बोलत बसला होता, तोच ठकूबाई नावाची एक धनगरीण धापा टाकत अंगणात आली. तिची शेरडे रोज माथ्यावर चरत.

"बाबा, माझं करडू गेलं वो खाली. कपारीला अडकलंय. जितं हाय अजून, वरडतंय बघा."

सगळे काठाशी धावले. शिष्याने पालथे पडून खाली पाहिले. तीन-चार पुरुष खोलीवर कातळाचा एक अरुंद ओटा होता आणि त्यावर ते पांढरे करडू चारही पाय एकत्र करून उभे होते. ओट्याखाली काहीच नव्हते.

आचार्यांनी विहिरीचा जाड दोर मागवला आणि धोतराचा काचा मारला. व्यापारी चपापला.

"महाराज, या वयात आपण उतरणार?"

"तरुणपणी मध काढायला इथूनच उतरत असे. कपारी ठाऊक आहेत, आणि इथे सगळ्यांत कमी वजन माझंच आहे." मग ते शिष्याकडे वळले आणि कोपऱ्यातल्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "दोर त्या खांबाला बांध."

शिष्याने दोर उचलला, पण खांबाकडे गेला नाही.

नेमका तोच खांब. भाद्रपदात त्याच्या आळ्यातले शेवाळ खरवडताना शिष्याच्या हातातले खुरपे लाकडात शिरले होते. आवाजदेखील झाला नव्हता. पिकल्या पपईत सुरी जावी तसे ते आत गेले. बाहेर काढले तेव्हा पात्याला तपकिरी, ओला चोथा लागला होता. त्याने मागे वळून पाहिले. अंगणात कोणी नव्हते. वरवरचे असेल, ऊन पडले की सुकेल, असे म्हणत त्याने त्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळा रंग दिला. त्यानंतर तो त्या बाजूने जाताना मान खाली घाली. संध्याकाळी आश्रमातली मुले कुंपणाच्या फळ्यांवर बसून स्तोत्रे म्हणत, तेवढा वेळ त्याच्या जिवात जीव नसे. पण त्याच सुमारास आचार्यांनी मुलांचे पठण काठावरून हलवून अंगणातल्या जांभळाखाली नेले. का, ते शिष्याने विचारले नाही. त्याला फक्त बरे वाटले.

"गुरुजी," तो आता म्हणाला, "दोर जांभळाला बांधूया."

"जांभूळ मागे राहिलं. खांब काठावरच आहे."

"पण झाड ते झाड..."

व्यापारी हसला. "अरे, इतका विनय बरा नव्हे. ऐनाचं लाकूड माझ्या वखारीतलं, आणि बुडाशी एवढं काँक्रीट. हत्ती बांध त्याला. हत्ती दमेल, खांब दमायचा नाही."

खालून करडू ओरडले. एक दगड सुटला आणि पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"लवकर करा वो दादा," ठकूबाई म्हणाली.

"मी उतरतो, गुरुजी," शिष्य घाईने म्हणाला.

आचार्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "उतर. दोर मात्र त्याच खांबाला."

शिष्याने दोराचा वेढा खांबाला घातला. काळ्या रंगाच्या वर लाकूड टणक लागत होते. आतला गाभा धरून असेल, त्याने मनाशी म्हटले. एक माणूस आणि एक करडू, तेवढे पेलेल. नाही पेलले तर निदान आपणच खाली असू. त्याने गाठ मारली, दुसरे टोक कमरेला बांधले आणि काठावर बसून एक पाय खाली सोडला. त्या क्षणी त्याला स्वतःचेच आश्चर्य वाटले. तोंड उघडण्यापेक्षा कड्यावरून उतरणे त्याला सोपे वाटत होते.

"थांब." आचार्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "करडू नवख्याला बुजेल आणि उडी घेईल. सोड तो दोर. मीच जातो."

"नको गुरुजी. मी..."

"सोड."

त्यांनी त्याच्या कमरेची गाठ स्वतः सोडवली आणि दोर आपल्या कमरेला बांधला. व्यापाऱ्याने हात जोडले. ठकूबाईने पदर तोंडाशी धरला. आचार्य दरीकडे पाठ करून काठावर ओणवे झाले. एक पाय खाली गेला. दुसरा गेला. दोर जमिनीवरून सरकत सरकत ताठ होऊ लागला, आणि आळ्याच्या काठाशी काळ्या रंगाला केसाएवढी भेग पडलेली शिष्याने पाहिली.

त्याने झेप घेऊन दोर दोन्ही हातांनी धरला.

"गुरुजी, वर या. खांब कुजलेला आहे."

व्यापाऱ्याने चमकून खांबाकडे पाहिले.

"भाद्रपदापासून कुजलेला आहे. मला माहीत होतं. रंग मीच लावला."

आचार्यांचे डोके काठावर दिसले. त्यांचा एक हात कातळातल्या खोल खाचेत रुतलेला होता. दोरावर त्यांनी आपला भार टाकलाच नव्हता. ते शांतपणे वर आले, अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "आता दोर जांभळाला बांध, आणि तू उतर."

"करडू बुजेल म्हणालात."

"जपून उतर, म्हणजे नाही बुजणार."

दोर जांभळापासून ओट्यापर्यंत पुरला, वर थोडा उरलाही. शिष्य उतरला. करडाला उपरण्यात बांधून पाठीशी घेतले आणि कोपरे सोलवटत वर आला. ठकूबाईने ते छातीशी धरले, त्याचे चारही पाय चाचपून पाहिले. "बाबा," जाता जाता ती म्हणाली, "कुंपनाच्या खांबाला आम्ही शेरडूबी बांधत न्हाई, अन् तुमी माणूस टांगाया निघाला व्हता." आणि ती आपल्या शेरडांकडे गेली.

व्यापाऱ्याला मात्र राहवेना. "माझं लाकूड कुजलं म्हणता? ऐन आहे तो, महाराज. कुजायचा नाही." असे म्हणत त्याने आळ्याच्या अलीकडे उभे राहून तळहाताने खांब जरासा रेटला.

खांब बुडाशी मोडला. काडकन आवाजही नाही, फक्त ओला, दबका सुस्कारा. वरचा भाग दरीकडे कलंडला, फळ्यांचे खिळे करकरले आणि खांब त्या फळ्यांना धरून शून्यावर लोंबत राहिला. व्यापारी मागे सरला आणि मटकन खाली बसला. काँक्रीटमध्ये खांबाच्या आकाराचे भोक उरले होते. पाऊस कधीच गेला होता, तरी त्या भोकात तपकिरी पाणी चमकत होते.

शिष्य त्या भोकाशेजारी गुडघ्यांवर बसला.

"मी लाकूड मातीपासून वाचवत होतो, गुरुजी. खालीही काँक्रीट घातलं, भोवतीही घातलं. वर इतकं निगुतीनं आळं केलं."

आचार्य त्याच्याजवळ बसले.

"आळं जिवंत झाडाला हवं, बाळा. झाड पाणी पितं. तोडलेलं लाकूड पीत नाही, नुसतं धरून ठेवतं. तू पेला घडवलास आणि लाकडाला त्यात उभं केलंस. पाणी आत शिरलं हा तुझा दोष नव्हे. लाकूड आणि काँक्रीट यांच्यात फट पडतेच आणि पाणी शिरतंच. शिरलेल्या पाण्याला तू जायला वाट ठेवली नाहीस. बुडाखाली खडी असती, वर आळ्याऐवजी उतार असता, तर ते आलं तसं गेलं असतं." मग ते शिष्याकडे वळून म्हणाले, "भाद्रपदात तुझ्या मनात शंका शिरली. तोही दोष नव्हता. तिच्याभोवतीही तू आळंच केलंस. आज जीव द्यायला निघालास, पण एक वाक्य बाहेर पडू देईनास."

"आपल्याला ठाऊक होतं?"

"आपल्याकडे खांबांना रंग उन्हाळ्यात लागतो. एकाच खांबाला ऐन पावसात, तोही गुडघ्याएवढाच लागला, तर म्हाताऱ्यालाही दिसतं. मुलांना मी त्या दिवशीच काठावरून हलवलं. बाकीचं तुझ्या तोंडून यावं म्हणून थांबलो. आज करडू पडलं तेव्हा वाटलं, आता आणखी थांबलो तर तो मीही लावलेला रंगच ठरेल."

शिष्याने मान खाली घातली. मग तो उठला आणि संध्याकाळ होण्याआधी करवंदीच्या काट्या तोडून सगळा काठ बंद केला.

पौर्णिमा आली आणि गेली. आचार्यांनी कोणाचेच नाव घेतले नाही, आणि शिष्यानेही वाट पाहिली नाही. तो एकेक खांब उकरत होता. काही कुजले होते, काही कुजायला लागले होते. नव्या खड्ड्यांच्या तळाशी त्याने खडी ओतली, खांबाचे बूड थेट तिच्यावर टेकवले, भोवतीने काँक्रीट भरले आणि वरच्या अंगाला थापीने चहूकडे उतार दिला. कौतुक करण्यासारखे त्यात काही दिसत नव्हते.

काँक्रीट पक्के झाल्यावर एके सकाळी आचार्य दोर घेऊन कोपऱ्यातल्या नव्या खांबापाशी आले.

"बांधू का याला?"

शिष्याने खांबाकडे पाहिले, बुडाशी वाकून उतारावरून बोट फिरवले.

"आज बांधा, गुरुजी," तो म्हणाला. "येता पावसाळा गेला की मला पुन्हा विचारा."

आचार्यांनी दोर बाजूला ठेवला आणि दरीकडे पाठ करून, त्या खांबाला टेकून ते निवांत बसले.