होकारवाडीतला बंद शब्द

फार जुन्या काळी होकारवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात एक शब्द बंद होता. 'नाही' हा तो शब्द. कुणा पूर्वजाने तो देवळात उभं राहून उच्चारला आणि त्याच वर्षी गावात पटकीची साथ आली, असं सांगत. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. तपासायचं तर कुणाला तरी 'हे खरं नाही' असं म्हणावं लागलं असतं.

घरातले तांदूळ संपले तर बाई म्हणे, "तांदूळ वाढले." दिवा विझला तर तो 'शांत झाला'. 'नको' हे त्याच शब्दाचं भावंड, म्हणून त्यालाही बंदी. पोट भरलेल्या पोराने पानावर आडवा हात धरला, की आजोबा तो हात बाजूला सारून आणखी एक पुरणपोळी वाढत. मुकाट्याने खाईल ते पोर गुणी. मग पोट धरून गडाबडा लोळलं तरी गुणीच. असं ते शहाण्यांचं गाव.

त्या गावात एका तांबटाची दोन मुलं होती. थोरला भिवा आणि धाकटी तानी. भिवा मल्लखांबावर चढला की जत्रेतली माणसं हातातली भजी विसरत. खांबाला एरंडेल चोळून द्यायचं काम तानीचं. भाऊ वर उलटा लटकला की ती खाली श्वास धरून उभी राही, आणि तो उतरला की सगळ्यांच्या आधी हसे.

एके दिवशी गावात एक फिरस्ता आला. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं साखरेत घोळलेलं. आल्या आल्या त्याने पाटलांचे पाय धरले आणि देवळाला पितळी घंटा दिली. पाटील खूश झाले. मग हा माणूस तालमीजवळच्या चिंचेखाली झोळी घेऊन बसला आणि पोरांना काळ्या वड्या वाटू लागला.

"हुशारीची वडी आहे," तो म्हणे. "जिभेवर ठेव. दमणूक कुठल्या कुठे पळेल."

हातावर आलेलं खायचं, एवढंच शिकलेली ती पोरं. त्यांनी खाल्लं. त्या नीच माणसाला आपल्या धंद्यासाठी याहून सोयीचं गाव शोधून सापडलं नसतं, कारण पोरांना तयार करायचं काम त्यांच्या आईबापांनी आधीच करून ठेवलं होतं.

भिवानेही खाल्लं. सुरुवातीला तो खांबावर वाऱ्यासारखा फिरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वडीवाचून त्याला सकाळी उठवेना. हात कापू लागले, गाल बसले, साध्या बोलण्यावर तो तानीच्या अंगावर धावून जाऊ लागला. तोवर वडी फुकट मिळायची बंद झाली होती. कुणी घरातलं तूप नेऊन देई, कुणी आईचे पैंजण. भिवाने बापाने घडवलेले तांबे नेले. एकदा तो खांबावरून सटकला आणि पाठीवर आपटला. आई म्हणाली, "वाढतं वय आहे, होतं असं."

तानीने त्याला एकट्याला गाठलं. "दादा, ती वडी सोड."

"सोडायचीच आहे गं," भिवा म्हणाला. "पण तो समोर धरतो तेव्हा काय बोलू? 'होय'खेरीज आपल्याकडे बोलायला आहे काय?"

तानी तडक पाटलांकडे गेली. म्हणाली, "पाटीलबाबा, त्या माणसाला गावाबाहेर काढा. त्याच्या वडीने माझा दादा वाळत चाललाय."

"पोरी, त्याने देवळाला घंटा दिलीय," पाटील म्हणाले. "चांगला माणूस आहे. तू घरी जा आणि आईला कामात मदत कर."

एका घंटेवर गावची सगळी पोरं विकली गेली होती आणि पाटलांना त्याचा पत्ता नव्हता. तानीचे डोळे रागाने भरून आले.

जत्रा जवळ आली तशी तालमीपुढे कसरतींची तयारी सुरू झाली. सारा गाव जमला होता, पाटीलही खाटेवर बसले होते. फिरस्त्याने भिवाच्या हातात एक वडी ठेवली आणि तानीकडे बोट दाखवलं. "बहिणीला दे. तिनेही चाखू दे."

भिवा तानीपुढे येऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला, पण मान वर केली नाही. मागे फिरस्ता हसत होता. असली माणसं नेहमी आपल्याच माणसाच्या हातून देतात.

तानीने आधी गावाच्या रीतीने करून पाहिलं. "मागाहून घेते," ती म्हणाली.

"मग तोवर मी बसतो की इथेच," फिरस्ता म्हणाला.

"आत्ताच जेवलेय."

"जेवणावर तर ही फार चांगली."

"आईला विचारून घेते."

"आईला कशाला त्रास? मोठी झालीस आता. सगळे घेतात, तूच काय ती भित्री?"

प्रत्येक सबबीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. तानीने भावाच्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि तिच्या मनात साठलेला सगळा संताप जिभेवर आला.

"नाही," ती म्हणाली. "मला ही वडी नको."

एका म्हातारीने कान झाकून घेतले.

"पाटील, काय ही उर्मट पोर," फिरस्ता म्हणाला. "तुमच्या गावात असं बोलतात?"

पाटील लालेलाल झाले. "तानी, शब्द मागे घे. आधी तोंड धुऊन ये."

"मागे घेणार नाही," तानी म्हणाली. "माझ्या दादाचे हात बघा, पाटीलबाबा. हा एक शब्द तुम्ही त्याला शिकवला असता तर तो आज धड असता. तुम्ही आमच्यात नुसतं होय पेरलंत आणि या माणसाने ते कापून नेलं."

फिरस्ता गोड हसला. "लहान आहे, घाबरलीय. पाटील, तुम्हीच एक घेऊन दाखवा, म्हणजे तिची भीती जाईल." त्याने वडी पुढे केली. पाटलांचा तळवा आपोआप उघडला आणि वडी त्यावर येऊन बसली.

पाटलांनी वडीकडे पाहिलं. मग भिवाच्या हातांकडे, त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. शब्द येईना. सगळा गाव ज्यांच्या शब्दावर चालायचा, त्यांना एक शब्द सापडेना.

"मी... मागाहून..." ते पुटपुटले.

"थांबतो की मी," फिरस्ता म्हणाला.

पाटील तानीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, कसा म्हणायचा तो?"

कुणीही हसलं नाही. तानी त्यांच्याजवळ गेली. "आधी हात मागे घ्यायचा, बाबा. मग त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं. आणि पुढे कारण जोडायचं नाही. कारण दिलं की तो त्याच्यावर बोलत बसतो."

पाटलांनी तळवा उलटा केला. वडी धुळीत पडली. "नाही," ते म्हणाले. आवाज चिरकला होता, पण शब्द पुरा होता.

फिरस्त्याने झटकन दुसरी वडी काढून भिवापुढे धरली. भिवाचा हात अर्धा पुढे गेला. त्याने तो दुसऱ्या हाताने ओढून काखेत दाबून धरला. "ना..." तो म्हणाला आणि अडकला. तानी शेजारी येऊन उभी राहिली, पण तिने शब्द पुरा करून दिला नाही. तो त्याचा त्यालाच म्हणायचा होता. "नाही," भिवा म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडू लागला. मग एकेक पोर म्हणू लागलं, आणि पोरांमागून त्यांचे आईबाप.

फिरस्त्याने झोळी खांद्याला लावली. "होकारवाड्या पुष्कळ आहेत," तो म्हणाला आणि चालता झाला. त्या गावात तो एवढं एकच खरं बोलला.

भिवा काही लगेच बरा झाला नाही. वैद्यांनी औषध दिलं, तरी त्याचं अंग थरथरे, तो किंचाळे. एकदा तर तो फिरस्त्याच्या मागावर वेशीपर्यंत धावला आणि तिथून स्वतःच परत आला. त्या वर्षी जत्रेत मल्लखांब रिकामाच राहिला. पाटलांनी पोरांच्या देखत तो शब्द मोकळा केला, पण भिवाला तो रोज सकाळी उठून स्वतःला नव्याने म्हणावा लागे. कुणी तरी आधी शिकवला असता तर एकदाच म्हणून भागलं असतं.

तात्पर्य, आणि ते मोठ्यांनी आधी वाचावं: ज्या पोराला घरात 'नाही' म्हणायची चोरी असते, त्याला बाहेर विष पुढे केलं तरी 'होय'च म्हणावं लागतं.